अडीच मिनिटांचं पीक

मेहुण्याशी आयुष्यात पुन्हा बोलायचं नाही असं काचमामाने ठरवलं होतं, आणि चार महिने ते पाळलंही होतं. पाळणं सोपं नव्हतं. दोघं एकाच प्रयोगशाळेत, एकाच मजल्यावर, मध्ये एक भिंत आणि भिंतीत एक खिडकी. खिडकीच्या अलीकडे काचमामा काचसामान धुवायचा, पलीकडे मेहुणा मशीन चालवायचा. धुतलेल्या सामानाचा ट्रे काचमामा खिडकीतून सरकवायचा, मेहुणा पलीकडून ओढून घ्यायचा. क्षणभर दोघांचे हात एकाच ट्रेला असायचे, पण तोंडाला कुलूप. बाकीचे लोक म्हणायचे, त्या खिडकीतून वारासुद्धा घसा न खाकरता जातो.

सोमवारी सकाळी साहेबांनी काचमामाला बोलावलं. तो हात पुसत केबिनमध्ये गेला तर मेहुणा आधीच खुर्चीत बसलेला.

"बसा, काचमामा," साहेब म्हणाले.

"उभा बरा आहे."

साहेबांनी समोरचे दोन कागद सरळ केले. "दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. गेल्या आठवड्यात बाहेरचे तपासनीस येऊन गेले. त्यांनी बाईंच्या राखीव नमुन्यांतल्या सहा बाटल्या काढून पुन्हा मशीनवर चालवायला लावल्या. सहाही बाटल्यांत खनिज तेल, म्हणजे भेसळ, निघालं."

बाई म्हणजे काचमामाची बायको. एकवीस वर्षं त्या मशीनवर तिने काम केलं होतं. कारखान्यांतून खाद्यतेलाचे नमुने यायचे, आणि तेलात नेमकं काय काय आहे, भेसळ आहे की नाही, हे ती मशीनवर तपासून लिहून द्यायची. प्रत्येक तेल थोडं थोडं काचेच्या बाटलीत घालून, काचेचं बूच लावून, वर्षभर थंड कपाटात ठेवायचं असा नियम होता. उद्या कुणी शंका काढली तर पुन्हा तपासता यावं म्हणून. तोच राखीव नमुना. बायकोला जाऊन चार महिने झाले होते, पण तिच्या बेचाळीस बाटल्या अजून कपाटात होत्या.

"ती म्हणाली शुद्ध, म्हणजे शुद्ध," काचमामा म्हणाला. "तपासणाऱ्याचं काहीतरी चुकलं असेल."

"तपासणारा मी होतो," मेहुणा म्हणाला. चार महिन्यांतलं त्याचं हे पहिलं वाक्य. "तीनदा चालवून पाहिलं."

"मग बरोबर. तुझ्या हातून दुसरं काय निघणार."

"कागद समोर आहे. वाचता येत असेल तर वाचा."

"मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे ऐकून होतो," काचमामा साहेबांकडे बघत म्हणाला. "सख्ख्या बहिणीच्या टाळूवरचं खाणारा आज पाहिला. तिची खुर्ची मिळाली, आता तिचं नावही पुसून हवंय."

"आपलेच दात आणि आपलेच ओठ," साहेब म्हणाले. "निदान माझ्यासमोर तरी चावू नका. हे बघा, मला बुधवारी अकरा वाजता उत्तर पाठवायचंय." त्यांनी एक मसुदा पुढे केला. त्यात लिहिलं होतं की विश्लेषकाच्या आजारपणामुळे कामात अचूकता राहिली नसावी, सबब त्यांचे शेवटचे बेचाळीस अहवाल प्रयोगशाळा मागे घेत आहे.

काचमामाने मसुदा दोनदा वाचला. अंगातल्या कोटाच्या खिशात त्याचा हात गेला. तिथे एक चपटी पत्र्याची डबी होती. दवाखान्यात ती बायकोच्या उशाशी असायची. तेव्हापासून ती त्याच्या खिशातच राहिली होती. डबी मुठीत धरली की त्याचा आवाज जरा स्थिर व्हायचा.

"आजारपणामुळे," तो म्हणाला. "दवाखान्यात दाखल झाली त्या दिवशीसुद्धा सकाळी दोन नमुने चालवून मग रिक्षात बसली. हात थरथरला नाही तिचा."

"तुम्हाला काय कळणार थरथरला का ते?" मेहुणा म्हणाला. "घरातलं माणूस वर्षभर डोळ्यांदेखत झिजत होतं, ते दिसलं नाही तुम्हाला. काचेवरचा डाग तेवढा दिसतो."

काचमामाने मसुदा टेबलावर परत ठेवला.

"मी दिवसरात्र तिच्या उशाशी होतो," काचमामा म्हणाला. "तू एकदा आलास. दारातच उभा राहिलास. आणि काय विचारलंस? ताई, मशीनचा पासवर्ड काय."

मेहुण्याने मान वळवली. साहेब टेबलावरचं पेन सरळ करत राहिले.

"मला माझ्यासमोर चालवून दाखवा," काचमामा म्हणाला. "ती प्लास्टिकला हात लावू द्यायची नाही. हा आला आणि सगळं प्लास्टिक आणलं. थेंब उचलायची टोकं प्लास्टिकची, नळ्या प्लास्टिकच्या. तेल विरघळवायचं ते कडक सॉल्व्हंट प्लास्टिकमधून काय काय ओढून घेतं, ते तीच सांगायची. तुमचं खनिज तेल त्या प्लास्टिकातून येतंय. माझ्या धुतलेल्या काचेने चालवा. तीस वर्षांत या हातून गेलेल्या काचेत कुणाला डाग सापडलेला नाही."

"उद्या दुपारी दोन वाजता," साहेब म्हणाले. "त्यावर शेवट."

काचमामाला मशीन चालवता येत नव्हतं, पण ते काय करतं हे त्याला पक्कं माहीत होतं. बायकोने लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात त्याला ते समजावलं होतं, आणि तेही बाजारात, हातात पिशव्या असताना. ती म्हणाली होती, समजा ही बाजाराची गल्ली म्हणजे मशीनमधली पोलादी नळी. नळीत पांढरी पूड ठासून भरलेली असते, ती म्हणजे दुकानं. पंप मागून सॉल्व्हंट ढकलतो, म्हणजे गर्दी. आता तेलातले सगळे घटक एकदम गल्लीत सोडले. ज्याला कुठल्याच दुकानात रस नाही तो सरळ चालत पहिला बाहेर पडतो. ज्याचा पाय दर दुकानापाशी अडतो तो शेवटी. आम्ही फक्त गल्लीच्या तोंडाशी घड्याळ घेऊन उभे राहतो.

"म्हणजे मी पहिला आणि तू शेवटची," तो म्हणाला होता.

"तू खनिज तेल आहेस," ती म्हणाली होती. "तुला कशातच रस नाही. अडीच मिनिटांत बाहेर."

खनिज तेल अडीच मिनिटांना निघतं. कुठल्याही खाद्यतेलाचा मुख्य घटक सहा मिनिटांना, आणि मग एकेक चिकट मंडळी मागून. जो घटक बाहेर पडतो त्याचा कागदावर उंचवटा उमटतो. सगळे त्याला इंग्रजीतून पीक म्हणायचे. बायको सकाळी मशीन सुरू करताना खिडकीतून विचारायची, "काय हो, आज पीक कसं येईल?" आणि तो म्हणायचा, "पाणी स्वच्छ आहे, येईल चांगलं." एकवीस वर्षं हा एकच विनोद, आणि दोघांनाही तो कधी शिळा वाटला नाही.

तिचा दुसरा नियम काचेचा होता. साबण नाही, तेलकट ब्रश नाही, बुचाला वंगण नाही. काचेला काच पुरे, असं ती म्हणायची. तेलाच्या बाटल्यांची बुचं काही महिन्यांनी मानेत घट्ट बसतात, कारण मानेवरचं तेल वाळून डिंकासारखं होतं. मग काचमामा छोट्या हातोडीसारखी एक लाकडी मूठ घेऊन यायचा आणि बुचाच्या कडेला हलकेच टिचक्या मारायचा, एकीकडून, मग दुसरीकडून, आणि बूच सुटायचं. ते काम तो दुसऱ्या कुणाला करू द्यायचा नाही.

मंगळवारी दोन वाजता तो मशीनच्या खोलीत आला तेव्हा त्याच्या एका हातात स्वतः धुतलेल्या, भट्टीत सुकवलेल्या काचेच्या पिपेटांचा ट्रे होता, आणि दुसऱ्या हातात ती लाकडी मूठ. साहेब भिंतीला टेकून उभे होते. मेहुण्याने हातमोजे चढवले होते.

"आधी तुमचा प्लास्टिकचा संशय मिटवू," मेहुणा म्हणाला. त्याने नुसतं सॉल्व्हंट घेतलं, प्लास्टिकच्या टोकाने, प्लास्टिकच्या नळीत ते पाच मिनिटं हलवलं, आणि मशीनमध्ये सोडलं. "यात तेल नाही. फक्त सॉल्व्हंट आणि माझं प्लास्टिक. प्लास्टिकातून काही येत असेल तर दिसेल."

पडद्यावर रेघ सरकू लागली. एक मिनिट. दोन. अडीच. तीन. रेघ इस्त्री केल्यासारखी सपाट राहिली.

"दिसलं?" मेहुणा म्हणाला.

"अजून माझी काच बाकी आहे."

"तुमचीच हौस. हात दाखवून अवलक्षण."

"तू बाटली काढ. बडबड पुरे."

मेहुण्याने थंड कपाट उघडलं. मधल्या फळीवर बेचाळीस बाटल्या ओळीने उभ्या होत्या, चिठ्ठ्या पुढे, बायकोच्या बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरातल्या. "कुठली घेऊ? तुम्हीच सांगा, नंतर रड नको."

"सतरा."

मेहुण्याने सतरा नंबर काढून टेबलावर ठेवली. काचमामा लाकडी मूठ घेऊन पुढे झाला.

"राहू दे," मेहुणा म्हणाला. "त्याची गरज नाही. ताईच्या बाटल्या लोण्यासारख्या उघडतात." आणि त्याने दोन बोटांनी बूच उचललं. आवाजसुद्धा झाला नाही.

काचमामा मूठ तशीच वर धरून उभा राहिला.

आठ महिने जुनी तेलाची बाटली. वाळणाऱ्या तेलाची. तिचं बूच दोन बोटांनी निघत नाही. ते निघतं एकाच कारणाने, आणि ते कारण त्याच्या कोटाच्या खिशात होतं.

बायको गेल्यानंतरच्या आठवड्यात तो कामावर आला होता. घरात बसवत नव्हतं. कपाट लावायचं निमित्त काढून तो या खोलीत आला, आणि तिच्या बाटल्या एकेक करून हातात घेतल्या. बुचं घट्ट बसली होती. त्याला वाटलं, उद्या तो मेहुणा येईल, त्याला धीर नाही, पकड लावून ओढेल आणि तिच्या बाटलीची मान मोडेल. म्हणून त्याने गरम फडक्याने मान शेकली, टिचक्या मारून एकेक बूच सोडवलं, वाळलेलं तेल पुसलं, आणि खिशातली डबी काढून त्यातलं मलम बोटाने बुचाला लावलं. अगदी पातळ. पुन्हा बूच बसवलं. बेचाळीस बाटल्या. वंगण नाही, हा तिचा नियम त्याला आठवलाही नाही. दीड महिना दर दोन तासांनी ते बोट त्याच डबीत जात होतं आणि तिच्या सुकलेल्या, फुटलेल्या ओठांवरून फिरत होतं. बोटाला सवय लागली होती. ओठ राहिले नव्हते, म्हणून बोट बाटल्यांवर फिरलं.

मेहुण्याने बाटली कलती केली. तेल मानेवरून ओघळत छोट्या काचेच्या नळीत पडलं. मग काचेच्या पिपेटने, काचमामाच्या स्वच्छ पिपेटने, त्याने थेंब उचलला, सॉल्व्हंटमध्ये विरघळवला आणि मशीनमध्ये सोडला.

अडीच मिनिटं म्हणजे काही फार वेळ नाही. पण काय येणार हे ज्याला माहीत आहे त्याला ती पुरतात. काचमामा पडद्याकडे बघत नव्हता. तो बुचाकडे बघत होता. बुचाच्या कडेला पांढुरकी, चमकणारी एक रेघ होती. तेलाच्या बाटलीचं बूच बोटाला ओशट लागलं तर कोण लक्ष देणार?

"आलं," मेहुणा म्हणाला. "अडीच मिनिटं. खनिज तेल. तुमचीच काच, तुम्हीच निवडलेली बाटली. बोला आता."

काचमामाने बुचावरची नजर हलवली नाही.

"बोला ना. प्लास्टिक झालं, आता काय? मी थुंकलो त्यात?"

"बस कर," साहेब मेहुण्याला म्हणाले. मग काचमामाकडे वळून, हळू आवाजात, "पत्र उद्या अकराला जाईल. मला वाईट वाटतं, काचमामा."

काचमामाने ट्रे उचलला आणि तो बाहेर पडला. लाकडी मूठ तिथेच टेबलावर राहिली.

घरी मुलगी आधीच आली होती. एका पार्सल कंपनीच्या काउंटरवर ती कामाला होती, आणि दिवसभर लोकांची भांडणं ऐकून ऐकून घरी तिला फारसं ऐकायचं नसे. आईच्या माघारी बाप आणि मामा यांच्यामध्ये तीच एक निरोप्या उरली होती.

"मामाचा फोन आला होता," ती म्हणाली.

"काय म्हणत होता? जिंकलो म्हणत असेल."

"म्हणाला, तुझ्या वडिलांना समजाव. पत्रात वाईट काही नाही. आजारी होती असंच लिहिलंय. आजारी होतीच ना ती."

"तिच्या कामात खोट नव्हती."

"बाबा, आईला आता काय फरक पडतो?"

त्याने खिशातली डबी काढून टेबलावर ठेवली. मुलीने ती लगेच ओळखली आणि भाजी चिरता चिरता तिचा हात थांबला.

"ही अजून ठेवलीय तुम्ही?"

"चष्मा कामावर राहिला. काय लिहिलंय बघ त्यावर. खाली, बारीक अक्षरात."

तिने डबी उजेडात धरली. "ओठ आणि कोरड्या त्वचेसाठी. आत काय आहे ते लिहिलंय. पेट्रोलियम जेली." तिने डबी खाली ठेवली. "का?"

"पेट्रोलियम म्हणजे जमिनीतलंच ना? खनिज?"

"हो. का पण?"

त्याने सांगितलं. सगळं नाही, बाटल्यांचं तेवढं. मुलगी ऐकत राहिली, आणि ऐकून झाल्यावर पुन्हा सुरी उचलली.

"मग मामाला फोन लावा. आत्ता."

"त्याला?" काचमामा म्हणाला. "त्याच्यासमोर जाऊन सांगू, की चूक माझ्या हातची? तो आयुष्यभर तोंडावर फेकेल ते. राखीव नमुन्याला कुणी हात लावायचा नसतो. नोकरीवर येईल. साहेबांना चिठ्ठी लिहून ठेवतो मी, नाव न घालता."

"चिठ्ठीत काय लिहाल? कुणीतरी काहीतरी लावलं? त्याने काय सिद्ध होणार?" तिने भांडं जरा जोरातच शेगडीवर ठेवलं. "एक सांगू? चार महिने मी बघतेय. तुम्हाला मामाला हरवायचंय. आईला वाचवायचं नाहीये. आता दोन्ही होणार नाही. काय ते ठरवा, मला जेवायचंय."

ती जेवली. तो जेवला नाही. डबी टेबलावर मध्येच राहिली, आणि दोघांनीही ताटं तिच्या बाजूने सरकवली.

बुधवारी साडेआठला प्रयोगशाळेत फक्त मेहुणा होता. मशीन तापायला तास लागतो, म्हणून जो मशीन चालवतो तो आधी येतो. बायकोही अशीच यायची. काचमामा खिडकीशी न थांबता दारातून आत गेला. मेहुणा त्या खुर्चीवर बसल्यापासून न बोलावता तो पहिल्यांदाच त्या दारातून आला होता.

"मूठ न्यायला आलात? टेबलावर आहे," मेहुणा मागे न बघता म्हणाला.

काचमामाने डबी त्याच्या वहीवर ठेवली.

"हे चालव मशीनवर."

"काय आहे?"

"चालव म्हणतो ना. अडीच मिनिटांना येईल."

मेहुण्याने डबी उलटी करून वाचली. मग उघडली. अर्धी रिकामी होती, आणि उरलेल्या मलमात बोटाचा खोलगट ठसा होता. त्याने काचमामाकडे पाहिलं, मग कपाटाकडे, मग पुन्हा डबीकडे. हुशार माणूस होता. शिकवणारी चांगली होती.

"बुचांना लावलंत."

"हो."

"किती?"

"सगळ्या."

"बेचाळीस?" मेहुणा उठलाच. "कुणी सांगितलं होतं? राखीव नमुन्याला? तीस वर्षं या इमारतीत आहात, आणि बुचाला पेट्रोलियम फासलंत? मी तीन दिवस मशीन खोलून बसलो. नळी बदलली. सॉल्व्हंटचे डबे फेकून दिले. रात्री झोप नाही मला, ताईने असं कसं केलं म्हणून. आणि तुम्ही काल इथे उभे राहून माझ्या प्लास्टिकवर ढकलत होतात?"

"काल दोन वाजेपर्यंत मला माहीत नव्हतं."

"आणि दोननंतर?"

"दोननंतर माहीत होतं."

"आणि गप्प घरी गेलात."

"गेलो."

"काखेत कळसा," मेहुणा म्हणाला, "आणि गावभर माझी बदनामी." तो खाली बसला. टाचणीच्या टोकावर मावेल एवढंच मलम त्याने घेतलं, बोटाचा ठसा न मोडता, बाजूने. सॉल्व्हंटमध्ये विरघळवलं आणि मशीनमध्ये सोडलं. दोघं पडद्यासमोर थांबले, एक बसून, एक उभा.

अडीच मिनिटांना रेघ वर चढली आणि खाली उतरली. मेहुण्याने कालचा आलेख त्यावर ठेवून पाहिला. टोकाला टोक, पायथ्याला पायथा.

"ओतताना मानेवरून येतं," तो म्हणाला. आवाज आता फक्त कामाचा होता. "बाटलीतलं तेल साफ असेल. पण या बाटल्या आता पुराव्याला चालणार नाहीत. बेचाळीसच्या बेचाळीस गेल्या." मग विचारलं, "ही डबी कुठली?"

"तिची. दवाखान्यातली. तिचे ओठ फुटायचे."

मेहुणा डबीकडे बघत राहिला. "मला नव्हतं माहीत."

"दारात उभं राहून दिसत नाही."

हे बोलायची गरज नव्हती, हे काचमामाला बोलता बोलताच कळलं. पण तोंडातून गेलेलं ट्रेसारखं परत ओढता येत नाही. मेहुण्याने दोन्ही आलेख उचलले आणि तो साहेबांच्या केबिनकडे चालू लागला. दारात थांबून म्हणाला, "चला. हे मी एकटा सांगणार नाही. तुमच्या तोंडाने सांगा."

साहेबांनी सगळं ऐकलं. आधी चष्मा काढला, मग मसुदा फाडला, आणि मग काचमामाला बरंच सुनावलं. कपाटाची किल्ली काढून घेतली. लेखी ताकीद मिळेल म्हणाले, आणि तीस वर्षं झाली नसती तर ताकिदीवर भागलं नसतं असंही म्हणाले. काचमामाने मान हलवली. मग साहेबांनी तेलाच्या कारखान्यांना फोन लावायला घेतला. प्रत्येक नमुन्याची एक जोडबाटली सील करून कारखान्याकडे असते. आपली लाज बाहेर जाऊ नये म्हणून ती आजवर कुणी मागवली नव्हती. आता मागवावी लागणार होती.

मशीनच्या खोलीत परतल्यावर मेहुण्याने मशीनची जाड नोंदवही उघडली. मागे एकवीस वर्षांची पानं बायकोच्या अक्षरात होती. त्याने तारीख घातली, बेचाळीस नमुन्यांचे आकडे लिहिले, आणि 'दोषाचे कारण' या रकान्यापाशी पेन थांबवून वही काचमामाकडे वळवली.

"हे तुम्ही लिहा. नाव घालून."

धुणाऱ्याचं नाव त्या वहीत यायचं कारणच नसतं. काच स्वच्छ असेल तर ती कुणी धुतली हे कुणी विचारत नाही. काचमामाने लिहिलं, की बुचांना पेट्रोलियम जेली मी लावली. विश्लेषकाचा दोष नाही. दुसरं वाक्य त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने त्याखाली रेघ ओढली आणि आपलं पूर्ण नाव लिहिलं.

डबीकडे हात नेला तर मेहुण्याने ती बाजूला ओढली.

"ही इथेच राहणार. पुरावा आहे."

"पुरेसं घेतलंस ना काढून?"

"नियम आहे." त्याने एक चिठ्ठी घेतली, त्यावर नंबर घातला, डबीला चिकटवली, आणि डबी थंड कपाटात, मधल्या फळीवर, बेचाळिसाव्या बाटलीशेजारी ठेवून दार लावलं. किल्ली आपल्या खिशात टाकली.

जोडबाटल्या यायला नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी दुपारी काचमामा पिपेट धूत होता तेव्हा खिडकीत एक कागद आला. ट्रे नव्हता, नुसता कागद. रेघ एक मिनिट, दोन मिनिटं, तीन मिनिटं सरळ जात होती, आणि सहाला तेलाचं मोठं पीक होतं.

"सहा चालवल्या. सहाही सपाट," पलीकडून मेहुणा म्हणाला. "बाकीच्या पुढच्या आठवड्यात."

"मग काय असणार होतं?"

"काही नाही. सांगितलं आपलं."

काचमामाने हात पुसून कागद घेतला, बघितला, आणि परत सरकवला. कागदावर ओलं बोट उमटलं होतं. मेहुण्याने ते बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"ती डबी किती दिवस ठेवणार?" काचमामाने विचारलं.

"राखीव नमुना वर्षभर."

"आणि मग?"

"मग रिकामी होऊन धुवायला येते," मेहुणा म्हणाला. "तुमच्याकडेच." आणि त्याने खिडकीतून रिकामा ट्रे अलीकडे ढकलला.